समीकरण उलटं करायचे दिवस

आमच्या पिढीचे चार इंजिनिअर एकत्र बसले, की चहा यायच्या आधी फोर्ट्रान येतो. कुणी फ्लॉपीची आठवण काढतं, कुणी ड्रॉइंग शीटच्या नळकांड्याची, आणि मग ते ठरलेलं वाक्य पडतं : "हल्लीच्या पोरांना काय, बटण दाबलं की झालं." सगळ्यांच्या माना हलतात. हेच वाक्य आम्ही आमच्या मास्तरांच्या तोंडून ऐकलं होतं, फक्त तिथं बटणाच्या जागी कॅल्क्युलेटर होता, हे त्या घटकेला कुणालाच आठवत नाही. मास्तरांच्या मास्तरांनी स्लाइड रूलबद्दल काय म्हटलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही म्हणजे ऐंशीच्या दशकात अंबाजोगाईला इंजिनिअरिंग शिकायला आलेली पोरं. केज, धारूर, परळी, माजलगाव, गेवराईकडची. गुणपत्रिकेवर 'मराठवाडा विद्यापीठ' एवढंच नाव असायचं. नामविस्तार १९९४ चा, आमच्यानंतरचा. गणित आवडायचं म्हणून या वाटेला आलो, असं आम्ही आता सांगतो. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून आलेले त्यात किती, ते विचारू नये.

समीकरणांशी आमची खरी ओळख एका टाकीनं करून दिली. टाकी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, आत एक मीटर पाणी. म्हणजे १००० लिटर. तळाशी तोटी. टाकी किती वेळात रिकामी होईल? बीड जिल्ह्यातल्या पोरांना हा प्रश्न मुळातच चुकीचा वाटायचा, कारण आमच्याकडे प्रश्न असतो तो टाकी भरणार कधी हा. तोटीतून सुरुवातीला मिनिटाला २० लिटर पाणी येत असेल, तर तोंडी उत्तर ५० मिनिटं. आणि ते साफ चूक. पाणी उतरतं तसा तोटीचा जोरही उतरतो. धारेचा वेग पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो हे टोरिचेलीनं सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. तेवढं धरून हिशेब केला की उत्तर येतं १०० मिनिटं. तोंडी उत्तराच्या नेमकं दुप्पट. टाकी कितीही मोठी घ्या, तोटी कितीही बारीक घ्या, भिंती सरळ उभ्या असल्या की दुप्पट म्हणजे दुप्पटच. हे पहिल्यांदा स्वतःच्या हातानं कागदावर निघालं, तेव्हा मेसचं जेवणसुद्धा बरं लागलं होतं.

एवढं कॅल्क्युलसनं चार ओळींत सुटायचं. मग मास्तर वरून मोटर सोडायचे, शेजारी दुसरी टाकी ठेवायचे, मध्ये बॉल कॉक लावायचे, आणि कॅल्क्युलस हात टेकायचं. तिथून पुढं पायी प्रवास. थोडा वेळ सरका, पातळी काढा. पुन्हा थोडा वेळ सरका, पुन्हा पातळी काढा. रुंगे-कुट्टाच्या पद्धतीत एका पावलाला चार उतार काढायचे, मधल्या दोघांना दुप्पट वजन द्यायचं आणि बेरजेला सहानं भागायचं. खोलीत तिघं असले तर एक जण कॅसिओवर, एक जण वहीवर आणि एक जण 'चौथा दशांश काय आला रे' म्हणायला. त्या तिसऱ्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं, असं तो अजून सांगतो.

कॉम्प्युटरची खोली हे प्रकरण वेगळंच. चपला बाहेर, पंखे बंद, एसी चालू. तो पोरांसाठी नाही, यंत्रांसाठी. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, सही. फोर्ट्रानचं विधान सातव्या रकान्यापासून सुरू करायचं आणि बहात्तराव्यात संपवायचं. सहावा रकाना मागची ओळ पुढं चालू असल्याच्या खुणेसाठी राखीव, आणि पहिल्यात 'सी' पडला की ती अख्खी ओळ शेऱ्यात जमा. त्यात एक नियम असा, की आय ते एन यांपैकी अक्षरानं सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक. पाण्याच्या पातळीला कुणी भोळेपणानं 'लेव्हल' नाव दिलं, की ते एलनं सुरू, म्हणून पूर्णांक. एक मीटरची पातळी पहिल्या पावलाला ०.९८ झाली की मागचा अपूर्णांक कापला जायचा आणि उरायचं शून्य. काठोकाठ भरलेली टाकी पहिल्याच फेरीत ठणठणीत! गावाकडच्या नळाचा अनुभव याच्याशी इतका जुळायचा, की प्रोग्रॅममध्ये चूक आहे हे लवकर कुणाच्या लक्षातच यायचं नाही. मग एखादा सीनियर मागून डोकावून सांगायचा, "नावाच्या आधी एक्स लाव." एक्सलेव्हल. सहा अक्षरं, फोर्ट्रानला त्याहून मोठं नाव चालायचंही नाही.

एवढं निस्तरून टाकी तळाला आली, की शेवटच्या पावलाला पातळी शून्याच्या जराशी खाली जायची. उणे पाणी. पुढच्या ओळीत त्या उणे आकड्याचं वर्गमूळ मागितलेलं असायचं, आणि यंत्र तिथंच मान टाकायचं. तोवर आमची वेळ संपलेली असायची आणि दाराशी पुढची बॅच चपला काढत असायची.

पण खरी मेहनत यातली कुठलीच नव्हती. ती आधीच, कागदावर झालेली असायची. फोर्ट्रानमधली बरोबरची खूण ही शाळेतल्या गणितातली बरोबरची खूण नव्हे. तो एक हुकूम असतो. उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या डब्यात भर. म्हणून प्रत्येक समीकरण आधी उलटंसुलटं करून बघायचं : यातलं माहीत काय, शोधायचंय काय, शोधायचं ते एकटं डावीकडं, बाकी सगळं उजवीकडं. शिवाय क्रम लावायचा, कारण जे अजून निघालेलंच नाही ते उजवीकडं वापरता येत नाही. विजेच्या रोधाचा साधा ओहमचा नियम घ्या. दाब माहीत असेल तर प्रवाहाची ओळ लिहायची, प्रवाह माहीत असेल तर दाबाची. नियम एक, ओळी दोन, आणि कुठली कुठं लिहायची ते बाकीच्या सर्किटवर अवलंबून. एक रोध इकडचा तिकडं केला की अख्खं पान पुन्हा मांडायचं. आम्ही त्याला अभ्यास म्हणायचो. निम्मी कारकुनी होती.

परवा एका मित्राच्या मुलीनं हीच टाकी मला तिच्या लॅपटॉपवर दाखवली. ओपनमोडेलिका नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. पडद्यावर तिनं टाकी ठेवली, तोटी ठेवली, मोटर ठेवली, रेघांनी जोडली. टाकीच्या आत डोकावून पाहिलं तर चार ओळी, पुस्तकात असतात तशाच : क्षेत्रफळ गुणिले पातळी बदलण्याचा वेग बरोबर आत येणारं वजा बाहेर जाणारं. उलटंसुलटं काही नाही. मोटरचा आकडा शून्य ठेवून तिनं बटण दाबलं, वक्ररेषा उमटली, शंभराव्या मिनिटाला टाकी रिकामी. मी म्हटलं, "यात विशेष काय?"

"काका, आता उलटं विचारते. पातळी अर्ध्या मीटरवर धरून ठेवायची असेल तर मोटरनं मिनिटाला किती पाणी द्यायचं?" तिनं मोटरचा आकडा लिहिलेली ओळ खोडली, पातळी बरोबर ०.५ अशी ओळ घातली, आणि बाकी कशालाही हात लावला नाही. उत्तर आलं, १४ लिटरच्या जरा वर. हे मलाही तोंडी काढता आलं असतं आणि तसं मी तिला सांगितलंही. पण आमच्या फोर्ट्रानला हा प्रश्न विचारायचा म्हणजे प्रोग्रॅम पहिल्यापासून मांडायचा. तिथं मोटर होती कारण आणि पातळी होती परिणाम, आणि दोघांच्या जागा एकदा ठरल्या की ठरल्या. हिच्या टाकीत दोघंही नुसती नाती आहेत; माहीत काय आणि शोधायचं काय, हे आयत्या वेळी ठरतं.

ही कल्पना आमच्या कॉलेजच्या दिवसांपेक्षा जुनी आहे, हे नंतर कळलं तेव्हा जरा लागलंच. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी १९७८ मध्ये डॉक्टरेटच्या प्रबंधात डायमोला नावाची भाषा मांडली, ती नेमकी यासाठीच : माणसानं समीकरणं जशी आहेत तशी लिहावीत, ती सोडवण्याजोगी करायचं काम यंत्रानं करावं. म्हणजे आम्ही रकाना सहा की सात यावर डोळे फोडत होतो तेव्हा तिकडं या हमालीवरचा उतारा लिहून झाला होता. त्या काळच्या यंत्रांना तो झेपण्यासारखा नव्हता एवढंच. पुढं एल्मक्विस्ट यांच्याच पुढाकारानं १९९६ मध्ये बऱ्याच देशांतली मंडळी एकत्र बसली आणि सप्टेंबर १९९७ मध्ये मोडेलिका भाषेची पहिली आवृत्ती आली. डायमोला आता दसॉ सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीचं महागडं सॉफ्टवेअर आहे. फुकटचं ओपनमोडेलिका वाढलं ते स्वीडनमधल्याच लिंकोपिंग विद्यापीठात, पीटर फ्रिट्झसन यांच्या गटात. आपल्याकडं आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पानं त्याचा प्रसार केला. तिथले प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल नावाचा उद्योगही उभा केला, ज्यात मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. आमच्या वेळी फोर्ट्रानचं एकच पुस्तक लायब्ररीत होतं आणि ते कायम 'इश्यूड' असायचं. कुणाच्या नावावर, ते कधीच निघालं नाही.

या भाषांमध्ये यंत्र आतल्या आत जे करतं, त्यातली एक गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. दोन टाक्या शेजारी ठेवा आणि तळाशी इतक्या रुंद नळीनं जोडा, की दोन्हीकडची पातळी कायम सारखी राहील. आमच्या वेळी हा प्रश्न फळ्यावर आला, की मागच्या बाकावरचा एखादा धारूरकडचा पोरगा म्हणायचा, "सर, मग एकच टाकी झाली की." आणि ते बरोबर असायचं. क्षेत्रफळांची बेरीज करायची, एकच समीकरण लिहायचं, सुटलो. प्रोग्रॅमला मात्र हे उमगत नसे. त्याच्या लेखी दोन टाक्या, दोन पातळ्या. दोन्ही पातळ्या सारख्या हे तिसरं समीकरण. आणि शोधायचा तो मधल्या नळीतला प्रवाह, जो त्या तिसऱ्या समीकरणात दिसतच नाही. ते समीकरण एकदा डिफरन्शिएट केलं, म्हणजे पातळ्या सारख्या तर त्यांचे वेगही सारखे असं म्हटलं, की प्रवाह सापडतो. पण हजार समीकरणांच्या गर्दीत डिफरन्शिएट करायचं ते कुठलं? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या कॉन्स्टंटिनोस पँटेलिडेस यांनी १९८८ मध्ये याची रीत दिली. आकड्यांकडं बघायचंच नाही. कुठल्या समीकरणात कुठलं अज्ञात आहे एवढीच यादी बघायची आणि तिच्यावरूनच ठरवायचं. १९९३ मध्ये लुंडच्या मॅटसन आणि सॉडरलिंड यांनी पुढचा अर्धा भाग पुरा केला. समीकरणांचा क्रम लावायला रॉबर्ट टार्जन यांची १९७२ ची रीत होतीच. तो मागच्या बाकावरचा पोरगा जे नजरेनं बघायचा, ते आता यंत्र हजार टाक्यांच्या बाबतीतही बघतं. फक्त बघितलं की उठून सांगत नाही. 'एकच टाकी झाली की' हे वाक्य वर्गातून गेलं, आणि त्यानंतरचा हशाही. हजार टाक्यांसमोर तो पोरगाही गप्पच झाला असता, हेही खरं.

तसाच गेला तो मोजण्याचा विधी. कुठलंही गणित फळ्यावर आलं की मास्तर खडू थांबवून विचारायचे, "अज्ञात किती? समीकरणं किती?" वर्ग एका सुरात मोजायचा. सहा अज्ञात आणि पाच समीकरणं निघाली, की एक कुठंतरी विसरलंय आणि ते सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही. आता ओपनमोडेलिका स्वतःच मोजून सांगतं, की इतकी समीकरणं आणि इतकी अज्ञातं, जमत नाही. उपकार आहेत, पण शंभर भागांच्या मॉडेलमध्ये चूक कुठल्या भागात, हे कळेना की हाच संदेश छळवाद होतो. या दुखण्यावरच तेव्हा लिंकोपिंगला असलेले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रोमन यांनी फ्रिट्झसन आणि नीस्ट्रॉम यांच्याबरोबर २००६ मध्ये काम केलं : मॉडेल पूर्ण जोडून व्हायच्या आधीच, प्रत्येक भागापाशी थांबून, इथं समीकरण कमी पडतंय की जास्त होतंय हे ओळखायचं. अशा समीकरणभाषांचा नेमका अर्थ काय लावायचा, हा ब्रोमन यांच्या २०१० च्या प्रबंधाचा विषय. मास्तरांचा खडूच त्यांनी भाषेत बसवला म्हणायचं. मास्तर मात्र मोजून झाल्यावर, जो चुकला असेल त्याच्याकडं नुसतं बघायचे. ते कुठल्याही भाषेत बसलेलं नाही.

आणि परळी. अंबाजोगाईहून पंचवीसेक किलोमीटर, कॉलेजची बस, इंडस्ट्रियल व्हिजिट. परळीच्या औष्णिक केंद्राचे पहिले छोटे संच १९७१ चे. आमच्या वेळी २१० मेगावॅटचे मोठे संच उभे राहिले होते आणि जिल्ह्याला त्यांचा अभिमान होता. कंट्रोल रूममध्ये भिंतभर काटे, आणि सरकत्या कागदावर शाईची रेघ ओढत जाणारी पेनं. तिथल्या एका ऑपरेटरनं बॉयलरच्या ड्रमचा काटा दाखवून विचारलं, "टर्बाइननं एकदम जास्त वाफ ओढली तर ड्रममधली पाण्याची पातळी वर जाईल का खाली?" आम्ही सगळे एका आवाजात : खाली. वाफ गेली म्हणजे पाणी गेलं, टाकीचं गणित पाठ होतं. तो हसला. "आधी वर जाते. आणि वर गेली म्हणून पाणी तोडलंत, तर बॉयलर कोरडा पाडाल."

कारण असं, की वाफ ओढली की ड्रममधला दाब पडतो, दाब पडला की पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि आतलं पाणी प्रत्यक्षात कमी होत असताना पातळी चढलेली दिसते. ऑपरेटर हे हातानं शिकलेला होता. समीकरणांतून ते स्वच्छ मांडलं गेलं बरंच नंतर : कार्ल योहान ऑस्ट्रॉम आणि रॉडनी बेल यांनी २००० मध्ये ड्रम बॉयलरचं एक आटोपशीर मॉडेल प्रसिद्ध केलं आणि स्वीडनमधल्या माल्मोच्या वीजकेंद्रातल्या मोजमापांशी ताडून दाखवलं. हे ऑस्ट्रॉम म्हणजे एल्मक्विस्ट यांचे लुंडमधले गुरू. आज मिलानच्या फ्रान्सेस्को कासेल्ला यांनी मोडेलिकात लिहिलेलं थर्मोपॉवर नावाचं ग्रंथालयच फुकट मिळतं. ड्रम घ्या, टर्बाइन घ्या, जोडा, आणि काटा उलटा चढताना घरबसल्या बघा. परळीच्या ऑपरेटरनं जे वर्षानुवर्षं काट्यासमोर बसून कमावलं, ते मुलं एका दुपारी बघून घेतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. बॉयलर कोरडा पाडून शिकण्यापेक्षा मॉडेल कोरडं पाडून शिकलेलं केव्हाही बरं. पण त्या खोलीत आमचं एका आवाजातलं उत्तर चुकलं तेव्हा मानेवर जो काटा आला, तो घरबसल्या येत असेल असं वाटत नाही. असं म्हणताना आम्ही स्वतःला जरा जास्तच रम्य करून घेतो हेही कळतं. बरेच जण त्या वेळी कँटीन कुठं आहे ते बघत होते.

परळी शेजारी असूनही हॉस्टेलची वीज जायची ती जायचीच. आणि ती नेमकी जीटीच्या वेळी जायची. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली बल्ब, काचेवर हुशार पोराची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेघा वर उमटायच्या, पेन्सिल नुसती फिरवायची. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच शीटवरून अख्खी विंग जीटी मारायची. मूळ शीटवर एखादी रेघ चुकली असेल तर दुसऱ्या दिवशी तीच चूक सगळ्यांच्या शीटवर, त्याच जागी. जर्नलांचंही तेच. आज आम्ही छाती काढून सांगतो की आमच्या वेळी समीकरण हातानं सोडवावं लागे. सोडवत होते वर्गातले पाच-सहा, बाकीचे हातानं उतरवत होते. हाताला कष्ट होते, हे मात्र नाकबूल करता येणार नाही.

आता पोरं फाइल मागवतात आणि नाव बदलून जमा करतात. काच नाही, बल्ब नाही, चटका नाही, आणि मध्येच वीज गेली म्हणून अंधारात बसून मारलेल्या गप्पा नाहीत. चोरी तीच. तिच्यातला मेळावा गेला.

प्रिंटरही गेला. डॉट मॅट्रिक्सवर आलेख म्हणजे एकेका ओळीत एकेक फुली : पातळी जेवढी तेवढ्या जागा सोडून. लांबच लांब कागद निघायचा. तो आडवा धरला की टाकी उतरताना दिसायची. कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडायचं काम आवडीचं, त्यासाठी भांडणं व्हायची. हल्लीच्या पडद्यावरची रेघ गुळगुळीत, रंगीत, हवी तिथं मोठी करता येणारी. आमच्या फुल्यांच्या आलेखात दोन पावलांमधलं काहीच दिसायचं नाही, आणि बॉल कॉक नेमका त्या दोन पावलांमध्ये बंद झाला असेल तर आम्हाला पत्ताही लागायचा नाही. मोडेलिका तो क्षण शोधून काढतं, तिथं थांबतं आणि तिथून नव्यानं सुरू करतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी आमचे सगळे कागद रद्दीत द्यायला तयार आहे. दिले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मग हळहळ नेमकी कशाची? समीकरण उलटं करण्याची तर नाहीच. ते काम यंत्रानं नेलं ते उत्तमच झालं. पण उलटं करताना त्याच्याकडं बराच वेळ बघावं लागायचं, आणि बघता बघता कधीतरी त्यातलं एखादं पद खटकायचं. हे बाष्पीभवन यात का नाही? तोटीचा हा गुणक ०.६ कुणी ठरवला? बाण आपण इकडून तिकडं काढला आणि उत्तर उणे आलं, म्हणजे पाणी उलटं वाहतंय की आपणच उलटे आहोत? यंत्र समीकरण सोडवतं, समीकरणात काय घ्यायचं राहिलं ते सांगत नाही. परळीचं केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. बुडबुड्यांच्या गणितानं दगा दिला म्हणून नव्हे, पाणीच नव्हतं म्हणून. कुठल्याही बॉयलरच्या मॉडेलमध्ये कडेला एक चौकोन असतो, 'पाणीपुरवठा', आणि तो कायम भरलेला धरतात. आम्हीही हातानं गणित करताना तो भरलेलाच धरत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तो चौकोन कुणी उघडला असेल तर गावांनी. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती राज्यातल्या तीन तालुक्यांत. त्यांतला एक अंबाजोगाई. त्या निमित्तानं पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत गावोगाव पोचली. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं ती आधीच रुळवली होती. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. ५०० हेक्टरच्या शिवारात ६०० मिलिमीटर पडला तर ३०० कोटी लिटर. त्यातून वाहून जाणारं, उडून जाणारं, मुरणारं वजा करायचं. पिकाचं, माणसांचं, जनावरांचं मांडायचं. आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. इथंही कुठलंच पद कायमचं कारण नाही की कायमचा परिणाम नाही. पाऊस धरून पीक ठरवा, नाहीतर पीक धरून किती पाणी अडवायचं ते काढा. शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसं हे फळ्यावर मांडताना मी पाहिली आहेत, आणि 'ऊस घेतला तर?' या एका प्रश्नावर अख्खी बैठक चिडीचूप झालेलीही.

म्हणून जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना आणि पॉलिटेक्निकांना एक विनंती आहे. टर्म वर्कला पुस्तकातली टाकी देणं आता पुरे करा. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या गावाचा पाण्याचा ताळेबंद ओपनमोडेलिकात मांडायला लावा : नाला, विहिरी, बोअर, पिकं, टँकर, सगळं. सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही, लॅपटॉप साधा चालतो, आणि गावं वेगवेगळी असल्यामुळं जीटीही मारता येत नाही. समीकरणं उलटीसुलटी करायचं काम यंत्राला खुशाल करू द्या. विहिरीतली पातळी मात्र पोरांनी स्वतः दोर सोडून मोजावी, दर पंधरा दिवसांनी, आणि तारीख घालून वहीत लिहावी.